रात्रीच शिट्टी घालणारा एसएमपीएस

शिरोड्याहून एका काकींचा फोन आला. त्यांचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, मागे सुरूचं बन आणि पलीकडे समुद्र. म्हणाल्या, "आवाज दिवसाचो येना नाय, रातचोच येता. माका आयकाक येना नाय, पोरांका येता. देवचाराक नारळ पन ठेवन झालो." (देवचार म्हणजे आमच्याकडचा राखणदार.) पाहुण्यांची लहान मुलं रात्री कान धरून उठतात आणि मोठ्यांना काहीच ऐकू येत नाही, असं दोन आठवडे चाललं होतं. मी विचारलं, कॅमेरे कधी लावले? म्हणाल्या, चार वर्षं झाली. मग म्हटलं, नारळ राहू दे, हा आवाज कॅमेऱ्यांच्या एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज १२ व्होल्टवर आणणाऱ्या पेटीचा असू शकतो, तिकडे येताना भाचीला घेऊन येतो.

भाची कशाला, ते आधी सांगतो. वेंगुर्ल्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे आणि मी शिकलो ते खोक्याच्या टीव्हीवर. त्या टीव्हीतून एक बारीक सूर यायचा. एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार केला की १५,६२५. तेवढ्या हर्ट्झचा तो सूर. तेव्हा रस्त्यावरून जाताना मी सांगायचो, या घरात टीव्ही चालू आहे, नुसता आवाज बारीक केलाय. आज त्रेपन्नाव्या वर्षी तो सूर माझ्या कानापर्यंत पोचत नाही. वय वाढतं तसे वरचे सूर आधी जातात. भाची बारावीला आहे, तिला वटवाघळासारखं ऐकू येतं. तुमच्या घरात असं कान नसेल तर मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं फुकटचं ॲप घ्या. साधा फोन २० हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत दाखवतो. गिऱ्हाईक "आवाज येतोय" म्हणतं आणि तुम्हाला येत नसेल तर त्याला वेड्यात काढू नका, आलेख बघा.

आता मुद्द्याचं. एसएमपीएसमध्ये भिंतीतून आलेले २३० व्होल्ट आधी डायोडच्या ब्रिजमधून जातात आणि मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतो. तो डीसी एक मॉस्फेट (विजेचा झटपट स्विच) सेकंदाला साठ हजार, लाखभर वेळा चालू-बंद करून चॉपरमध्ये (छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरला आम्ही चॉपरच म्हणतो) ढकलतो. पलीकडे डायोड, कपॅसिटर, आणि १२ व्होल्ट बाहेर. साठ हजार हर्ट्झ कुठल्याही माणसाला ऐकू येत नाही, भाचीलासुद्धा नाही. म्हणजे सूर ऐकू येतोय याचा अर्थ कुठलीतरी लय घसरून वीस हजाराच्या खाली आलेली आहे.

इथेच बहुतेक लोक फसतात. गाणारा वेगळा असतो आणि गायला लावणारा वेगळा. गाणारा बहुधा चॉपर, नाहीतर एखादी कॉइल, नाहीतर सिरॅमिकचा चकती कपॅसिटर. करंट कमीजास्त झाला की फेराइट केसभर ताणलं-आखडलं जातं, सैल तार थरथरते. सिरॅमिक कपॅसिटरवर व्होल्टेज हललं की त्याचं अंगच हलतं. पण त्यांना ऐकू येणाऱ्या लयीत हलवणारा कोण, हे शोधायचं असतं. आवाज चॉपरमधून येतो म्हणून चॉपरवर डिंक ओतणारे कारागीर मी पाहिलेत. महिन्याभराने तोच सप्लाय पूर्ण मरून परत येतो, आणि तेव्हा त्या डिंकाखाली काही दिसतही नाही.

पेटी उघडण्याआधी

स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवा आणि आधी विचारा, आवाज कधी येतो? कसा येतो हे त्यानंतर.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच येत असेल, एरवी नाही, तर ॲडॉप्टरला हात लावू नका. स्वस्तातले इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा करंट देतात, त्यावर पंखे घुरघुरतात आणि सप्लाय किरकिरतात. आपल्याकडे पावसाळ्यात तासन् तास लाईट नसते, त्यामुळे अशी "बिघडलेली" यंत्रं जूनमध्ये दुकानात ढिगाने येतात. दुकानाच्या सॉकेटवर लावली की गप्प.

काहीच जोडलेलं नसताना किंवा अगदी कमी लोडवर बारीक सूं येत असेल, आणि लोड दिला की थांबत असेल, तर बहुधा ते बिघाडाचं लक्षण नाही. काम नसताना वीज वाचावी म्हणून मॉस्फेटला चालवणारी आयसी (चिप) सलग ठोके न देता चार ठोके देते, थांबते, परत चार देते. ठोके साठ हजारांचे, पण त्या गटांची लय हजार-दोन हजारांवर उतरते आणि ऐकू येते. मोबाइलचा चार्जर कानाला लावलात तर रात्री हेच ऐकाल.

लोड वाढला की आवाज वाढतो, सकाळी थंड असताना जास्त आणि दहा मिनिटांनी गरम झाल्यावर कमी, असं असेल तर संशय थेट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर, म्हणजे आत ओला द्राव असलेल्या नळकांड्यावर. सुकलेला कपॅसिटर गरम झाला की थोडा वेळ बऱ्यापैकी वागतो.

टिक... टिक... टिक... अशी घड्याळासारखी टिकटिक, आणि आऊटपुट धड येत नाही, हा प्रकार शिट्टीचा नाहीच. सप्लाय चालू व्हायला बघतो आणि पडतो, परत उठतो. एकतर पुढे शॉर्ट आहे किंवा आयसीला स्वतःला पुरेसं खायला मिळत नाही. त्यावर खाली येतो.

चर्र, तेलात मोहरी पडल्यासारखा, आणि त्यात ओझोनचा तिखट वास, तर लगेच बंद करा. ती गळती आहे, ठिणगी आहे.

आणि जाड घुंऽऽ आवाज असेल तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा नाहीतर ३२५ व्होल्टवाला मोठा कपॅसिटर अशक्त झाल्याचा. तो या लेखाचा विषय नाही.

काकींच्या घरी सप्लाय होता तो सीसीटीव्हीचा, जाळीच्या पत्र्याच्या पेटीतला १२ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा, खोल्यांच्या मधल्या पडवीत दाराच्या वर ठोकलेला. दुपारी तीनला भाची खाली उभी राहिली आणि म्हणाली, काहीच नाही. आता रात्रीपर्यंत थांबायचं की काय? मग डोक्यात आलं, रात्री कॅमेऱ्यांत काय बदलतं? अंधार पडला की त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात. म्हणजे लोड वाढतो. काकींकडून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या मागून घेतल्या आणि शिडी लावून एकेका कॅमेऱ्याच्या तोंडावर चढवल्या. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यावर पिशवी बसली आणि आतून भाची ओरडली, "इलो!" ॲपवर १३ हजारांजवळ सुळका उभा होता. मीटर सिरीजमध्ये लावून बघितलं, उघड्या कॅमेऱ्यांवर करंट ०.८ ॲम्पिअर, चारही झाकल्यावर १.७. पाच ॲम्पिअरच्या सप्लायला हा काही मोठा बोजा नाही. दोन-अडीचच्या आतच जो गायला लागतो, तो आजारी.

काकी पिशव्या बांधलेल्या कॅमेऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "मगे देवचार कॅमेऱ्यात हुतो?"

उघडताना

हे वाचणाऱ्यातल्या निम्म्यांनी इथेच थांबून पेटी ओळखीच्या मेकॅनिककडे न्यावी. ३२५ व्होल्ट डीसी हात सोडत नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर तो राहतो, आणि आतला डिस्चार्ज रेझिस्टर उघडा पडला असेल तर बराच वेळ राहतो. मी २.२ किलोओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांत बांधून ठेवलाय. तो कपॅसिटरच्या टोकांना पाचेक सेकंद लावायचा आणि मग मीटरने मोजायचं. दहा व्होल्टच्या खाली आलं तरच बोट. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणं हा पराक्रम नाही. त्यात कपॅसिटर आणि ट्रॅक दोन्ही जातात.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, सप्लाय वाचेल. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. बल्बमुळे शॉक लागायचा थांबत नाही. आणि सिरीज बल्बवर पूर्ण लोड देऊन आवाजाची परीक्षा करू नका, कारण व्होल्टेज पडलं की चांगला सप्लायही टिकटिक करतो. माझ्या एका पोराने त्या नादात दोन दिवस एका धडधाकट सप्लायचे भाग बदलले.

झाकण काढलं की आधी नुसतं बघा. फुगलेल्या डोक्याचा कपॅसिटर दिसला तर बरंच काम झालं. पण न फुगलेला चांगला असतो असं नाही. काकींच्या सप्लायमध्ये आऊटपुटला १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन होते, दिसायला नवेकोरे. कपॅसिटी मोजली, ९१० आणि ८७०. साधा मीटर असता तर पास केले असते. ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजणारा मीटर लावला तर एक १.८ ओहम आणि दुसरा दोनच्या वर. चांगल्या लो-ईएसआर कपॅसिटरचा आकडा शतांशांत येतो, ०.०५ च्या अलीकडे-पलीकडे. अर्ध्या ओहमच्या वर गेला की माझ्याकडे तो कचऱ्यात.

एवढ्यानं शिट्टी कशी येते? सप्लायच्या पुढच्या बाजूला टीएल४३१ नावाची तीन पायांची छोटी आयसी असते, ती आऊटपुटवर नजर ठेवते आणि ऑप्टोकपलरमधून (तार न जोडता उजेडाने निरोप देणारा भाग) मागच्या आयसीला सांगते, जास्त दे, कमी दे. कपॅसिटरमध्ये दम असेतोवर हे सांगणं शांतपणे चालतं. तो सुकला की व्होल्टेज उड्या मारतं, सांगणारा गोंधळतो, "जास्त-कमी-जास्त-कमी" असा सेकंदाला हजारो वेळा धोशा लागतो, आणि चॉपर बिचारा त्या तालावर गातो.

ईएसआर मीटर नसेल तर सोपा उपाय: सप्लाय बंद करून, डिस्चार्ज करून, संशयिताच्या पायांना खालून तेवढाच चांगला कपॅसिटर समांतर टाका, प्लस-मायनस सांभाळून. चालू करा. आवाज गेला तर आरोपी सापडला.

नवीन टाकताना १०५ अंशांचा, लो-ईएसआर आणि व्होल्टेजला एक पायरी वरचा घ्या. १२ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा कंपन्या पैसे वाचवायला टाकतात, मी २५ चा टाकतो, पेटीत बसला पाहिजे एवढंच. कपॅसिटर दहा अंश थंड राहिला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून तो हीट सिंकला चिकटवून उभा करू नका. जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. कपॅसिटरवर पट्टी मायनसची असते, पण बोर्डावरची खूण सगळे सारखी छापत नाहीत. मी माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतो. तिथेही बघून घ्यावा लागतो. मोठ्या टोपीत छोटा कपॅसिटर बसवून विकणारे आहेत, हातात हलका लागला की समजायचं.

टिकटिकवाल्या सप्लायचं राहिलं होतं. आधी प्लग काढून आऊटपुटचा डायोड तपासा. मीटर दोन्ही बाजूंनी शून्याजवळ दाखवत असेल तर एक पाय उचलून परत बघा. डायोड चांगला आणि पुढे शॉर्ट नसेल, तर मागच्या आयसीच्या सप्लाय पिनवरचा छोटा कपॅसिटर बघा, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. जुन्या सप्लायमध्ये यूसी३८४२ आयसी हमखास भेटते. ती १६ व्होल्टला जागी होते आणि १० च्या खाली गेलं की झोपते. हा कपॅसिटर सुकला असेल तर चॉपरचा करंट येईपर्यंत व्होल्टेज दहाच्या खाली जातं. उठली, झोपली, उठली, झोपली. पाच रुपयांचा भाग असतो आणि नेमका गरम रेझिस्टरच्या शेजारी बसवलेला असतो.

मीठ

आता आपल्या किनाऱ्याचं खास दुखणं. पुण्या-कोल्हापूरच्या मेकॅनिकला हे सांगावं लागतं, शिरोड्यात सांगायची गरज नसावी. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं या घरापासून लांब नाहीत. वाऱ्याबरोबर खारं येतं, जाळीच्या पेटीत शिरतं आणि बोर्डावर बसतं. हवा कोरडी असेतोवर तेही कोरडं, निरुपद्रवी. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जूनमध्ये ओली होते ना, तेच. मग ३२५ व्होल्टच्या दोन ट्रॅकांमध्ये खाऱ्या पाण्याची फिल्म तयार होते आणि चर्र सुरू होतं.

सगळे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) शिंपडून ब्रश मारतात. फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट थर) निघतो, बोर्ड चकाकतो, मीठ तिथेच राहतं. शुद्ध आयपीएमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही! आधी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रश, जेवढ्या जागेला पाहिजे तेवढंच, चॉपर न भिजवता. मग पाणी हटवायला आयपीए. मग सुकवणं, आणि इथे घाई नको. पावसात ऊन कुठलं, म्हणून मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॅटचा बल्ब टांगून, बोर्ड त्यापासून हातभर दूर ठेवून, समोर बसूनच सुकवतो. दिवा पेटता ठेवून घरी जात नाही.

कपॅसिटर धरून ठेवायला कंपनीने ओतलेला पिवळट डिंकही बघा. उष्णतेने तो तपकिरी होतो आणि मग करंट वाहायला लागतो, शेजारच्या पायांना खातोही. तपकिरी दिसला की खरवडून काढायचा. ट्रॅकच्या मध्ये काळी जळकी रेघ असेल तर तीही खरवडून पांढरं अंग दिसेपर्यंत. ती रेघ ऑप्टोकपलरखाली किंवा भिंतीची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात असेल तर मात्र सप्लाय भंगारात टाका. तिथे जिवाशी गाठ असते, दुरुस्ती नाही. त्याच पट्ट्यावर बसलेला निळा वाय कपॅसिटर (सुरक्षेसाठी बनवलेला खास प्रकार) गेला तर वायच टाकायचा, दिसायला तसाच दुसरा नव्हे.

सुकल्यावर खालच्या बाजूला ॲक्रिलिकचा कोटिंग स्प्रे एक हात. कनेक्टरवर आणि व्होल्टेज ॲडजस्टच्या प्रीसेटवर कागद चिकटवून मग. तो प्रीसेट उगाच फिरवूही नका, त्याने शिट्टी जात नाही, कॅमेरे जातात.

गाणाऱ्याचं तोंड बंद करणं

गायला लावणारा सापडला, बदलला, साफ केला, आणि तरी थोडा सूर उरला, तर आता चॉपरकडे जायला हरकत नाही. कोण गातोय ते शोधायला कागदाची लांब नळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं बोर्डापासून वीतभर लांब ठेवून फिरवा. मग सुकी प्लॅस्टिकची काडी, एक हात खिशात, आणि चॉपर हलकेच दाबून बघा. सूर बदलला तर तो मेकॅनिकल. धातूची पेन्सिल नको, ओली काडी नको.

तारा सैल असतील तर मोटर वाइंडिंगवाल्याकडचं इन्सुलेटिंग वॉर्निश थेंब थेंब सोडा आणि एक दिवस वाळू द्या. फेराइटचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बाहेरून इपॉक्सी. ते भाग वेगळे करू नका, त्यांच्यातली फट मोजून ठेवलेली असते. सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, आणि आपल्या हवेत त्याला मदतनीस भरपूर. ग्लूगनची कांडी गरम चॉपरवर मऊ पडते, झटपट डिंक तडकतो.

चकती सिरॅमिक गात असेल, बहुधा चॉपरच्या मागच्या बाजूला मोठ्या रेझिस्टरसोबत बसलेली, तर तेवढ्याच कपॅसिटीचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा फिल्म कपॅसिटर टाका. फिल्म गात नाही. आणि कमी लोडवरची सूं सहन होत नसेल तर १२ व्होल्टवर ४७० ओहम १ वॅटचा रेझिस्टर कायमचा बसवता येतो. तो ०.३ वॅट खाईल, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं आयसीची झोपमोड होऊन सूर जातो. बऱ्याचदा, नेहमी नाही. मोबाइल चार्जरला हे काही करू नका. वितळवून बंद केलेली पेटी फोडून परत नीट बसत नाही. आवाज खटकत असेल तर दुसरा बीआयएस नोंदणीची खूण असलेला घ्या.

काकींच्या सप्लायला दोन कपॅसिटर बदलले, मीठ धुतलं, चॉपरला वॉर्निश दिलं आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी परत बसवला. पेटी यावेळी पडवीतून काढून आतल्या भिंतीवर, वाऱ्याच्या आडोशाला. सातला कॅमेरे लाल झाले. भाची प्रत्येक खोलीत दार लावून उभी राहिली. तीन खोल्यांत काही नाही. चौथीत, पेटीच्या अगदी मागच्या भिंतीला कान लावून म्हणाली, "हा, पन बारीक." ॲपवर बघितलं तर आलेखात मला तरी काही वेगळं दिसलं नाही. पलंग त्या भिंतीपासून सरकवून दुसऱ्या बाजूला लावला. काकींनी नारळ फोडून अर्धी कवड भाचीच्या हातात दिली.